फेफरं नव्हे, जी४७.४

कॅरमच्या बोर्डावर राणी आणि एक पांढरी, एवढंच उरलं होतं. गणपतीच्या आधीचा रविवार, लालबागमधली आमची चाळ, गॅलरीत टांगलेला बल्ब, बोर्डावर पावडरचा थर आणि भोवती आठ-दहा पोरं. बारावीतल्या मुलाने राणी घेतली आणि पाठोपाठ कव्हरही. पोरांनी एकच गिल्ला केला. तोही हसला, आणि टाळी द्यायला उचललेला त्याचा हात अर्ध्यातूनच खाली आला. जबडा लोंबला, मान छातीवर पडली, गुडघे दुमडले आणि तो भिंतीला पाठ घासत खाली बसला.

‘फिट आली, फिट आली!’ कोणी कांदा फोडून आणला, कोणी चप्पल काढून नाकाशी धरली. समोरच्या काकू किल्ल्यांचा जुडगा घेऊन धावल्या, हातात लोखंड द्यायला. मिनिटभरात तो आपसूक उठून बसला, नाक पुसलं आणि म्हणाला, ‘चप्पल कोणाची होती तेपण मला माहितीय. धुवा जरा.’

सगळे हसले. माझे मात्र कान टवकारले. फिट आलेल्या माणसाला चप्पल कोणाची ते कळत नाही.

मी डॉक्टर नाही. मेडिकल कोडर आहे. करी रोडहून स्लो लोकल, ठाण्याला गाडी बदलायची, मग ऐरोली, असा रोजचा प्रवास. तिथे अमेरिकेतल्या रुग्णालयांचे चार्ट पडद्यावर येतात. डॉक्टरने लिहिलेलं वाचायचं आणि त्याला आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला, म्हणजे आयसीडीमधला, आकडा लावायचा. जी४७.४११ हा आकडा मला तोंडपाठ आहे. कॅटाप्लेक्सीसह नार्कोलेप्सी. सातासमुद्रापलीकडच्या माणसांच्या गुडघ्यांचा हिशेब मी ऐरोलीत बसून अचूक लावत होते आणि आमच्याच गॅलरीतल्या पोराच्या फाइलवर दोन वर्षं ‘फिट्स’ लिहिलेलं होतं. (ओळख पटू नये म्हणून त्याची यत्ता आणि आणखी एक-दोन गोष्टी बदलून सांगते आहे. चाळीत तेवढंसुद्धा पुरत नाही म्हणा.)

त्या निमित्ताने या आजाराविषयी जे जे कानावर आलं, गॅलरीत, लोकलमध्ये आणि दवाखान्याच्या बाकड्यावर, ते एकेक घेते.

गैरसमज : ‘उभा माणूस कोसळला म्हणजे फिटच.’

कोसळण्याची कारणं अनेक असतात. चक्कर येऊन पडणारा माणूस आधी पांढराफटक पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, रक्तदाब उतरलेला असतो. मोठ्या फिटमध्ये शुद्ध जाते, हातपाय झटके देतात, जीभ चावली जाते, कधी कपडे ओले होतात, आणि नंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला किंवा झोपलेला असतो. काय झालं ते त्याला इतरांकडून कळतं.

कॅटाप्लेक्सीत यातलं काहीच नसतं. शुद्ध शाबूत असते, फक्त स्नायूंतला जोर निघून जातो. तोसुद्धा नेहमी सगळा नाही. बहुतेक वेळा नुसता जबडा सैल होतो, पापण्या जड होतात, जीभ जड पडून शब्द ओढत येतात, हातातला कप कलंडतो, गुडघ्यांनी कच खाल्ल्यासारखं होतं. पूर्ण कोसळणं हा त्यातला सर्वांत मोठा प्रकार. काही सेकंद ते दोनेक मिनिटं, एवढाच खेळ. श्वास चालू असतो, डोळे हलवता येतात, कानावर पडलेलं सगळं आठवतं. त्या मिनिटभरात डॉक्टर शेजारी असेल आणि त्याने गुडघ्यावर छोटा हातोडा मारून पाहिला, तर पाय उडत नाही. फिट आणि कॅटाप्लेक्सी वेगळी ओळखायची ही जुनी आणि फुकटची खूण, पण डॉक्टर नेमका त्या मिनिटाला शेजारी असावा लागतो.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे याला निमित्त लागतं. भावनेचं, आणि बहुतेकदा सुखाच्या भावनेचं. हसू सर्वांत वरचं. विनोद ऐकताना नव्हे, तर तो आपणच सांगत असताना शेवटच्या वाक्याशी येऊन पाय गळणारे कितीतरी. शिवाय अचानक भेटलेला मित्र, क्वचित राग, दचकणं. हसून हसून मुरकुंडी वळते असं आपण सगळेच म्हणतो. यांची खरोखरच वळते.

कॅटाप्लेक्सी ज्या झोपेच्या आजाराचं लक्षण आहे त्याला ‘नार्कोलेप्सी’ हे नाव १८८० साली जेलिनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दिलं. त्याचा रोगी ३८ वर्षांचा दारूच्या पिंपांचा व्यापारी. दिवसातून दोनशे वेळा झोप लागायची म्हणे. चांगला सौदा जुळतोय असं दिसलं की त्याचे पाय लटपटत आणि पत्ते खेळताना हातात भारी पानं आली की हात जागच्या जागी थिजे. मी हे वाचलं ते आमच्या पोराने राणी घेतल्यानंतर महिनाभराने. पॅरिसचे पत्ते काय आणि लालबागचा कॅरम काय, पान भारी पडलं की हात गेला.

त्या मुलाच्या आईला, म्हणजे वहिनींना, मी एकच विचारलं होतं : ‘हा हसतानाच पडतो का?’ त्या थांबल्या. मग बोटावर मोजायला लागल्या. मामाच्या लग्नात, नवरदेवाचे बूट पळवले तेव्हा. शिवाजी मंदिरला नाटक बघताना, तेव्हा खुर्चीत होता म्हणून कोणाला कळलं नाही. गल्लीत शेवटच्या बॉलला सिक्स मारली तेव्हा, बॅटसकट. दोन वर्षांत अकरा प्रसंग निघाले आणि त्यातला एकही रडताना, भांडताना किंवा उपाशीपोटी झालेला नव्हता. हा प्रश्न तोवर त्यांना कोणीच विचारला नव्हता. त्यांनीही सांगितलं नव्हतं, कारण हसणं हे काही लक्षण आहे असं कोणाच्या डोक्यात येणार?

आता तो मुलगा नाटकाला जात नव्हता. कट्ट्यावर बसत नव्हता. ‘शिष्ट झालाय’ असं पोरं म्हणायची. तो हसू टाळत होता.

गैरसमज : ‘कुंभकर्ण आहे नुसता. रात्री मोबाइल, दिवसा झोपा.’

कुंभकर्ण सहा महिने सलग तरी झोपायचा. नार्कोलेप्सीच्या माणसाची तक्रार नेमकी उलटी असते. त्याला सलग झोप लागतच नाही. चोवीस तासांची बेरीज केली तर तो इतरांपेक्षा फार जास्त झोपलेला नसतो. झोपेचे तुकडे दिवसभर विखुरलेले असतात, एवढंच. रात्री चार-पाच वेळा जाग, दिवसा वर्गात, बसमध्ये, ताटावर बसल्या बसल्या डुलकी. दहा-पंधरा मिनिटांच्या डुलकीने तो ताजातवाना होतो आणि दोन तासांनी पुन्हा पेंगतो. कधी कधी हात काम करत राहतात आणि डोकं झोपलेलं असतं. वहिनींनी दाखवलेल्या वहीत इतिहासाचं उत्तर तीन ओळी सरळ, मग अक्षरं उतरणीला लागलेली, आणि शेवटी पानाच्या कडेपर्यंत नुसती रेघ. बाईंनी त्यावर लाल शाईत शेरा मारला होता : ‘आळस’.

याचं कारण मेंदूत, कवटीच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात आहे. तिथे साधारण सत्तर हजार पेशी ओरेक्सिन नावाचं रसायन बनवतात. त्याचंच दुसरं नाव हायपोक्रेटिन, कारण १९९८ मध्ये दोन गटांनी ते एकाच वेळी शोधलं आणि दोघांनी आपापलं बारसं केलं. ओरेक्सिनचं काम जागेपणा आणि झोप यांच्यामधला दरवाजा धरून ठेवण्याचं. कॅटाप्लेक्सी असलेल्या नार्कोलेप्सीत या पेशींपैकी ८५ ते ९५ टक्के नाहीशा झालेल्या आढळतात. मग दरवाजा वाऱ्यावर. स्वप्नं पडतात त्या झोपेत, जिला रेम झोप म्हणतात, आपले हातपाय निसर्गतःच सैल सोडलेले असतात, नाहीतर स्वप्नात धावताना आपण खाटेवरून उडी मारली असती. हा सैलपणा भलत्या वेळी, टक्क जागेपणी, हसण्याच्या धक्क्याने आत शिरतो आणि त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. अमेरिकेत स्टॅनफर्डला यावर अभ्यास झाला तो डॉबरमन कुत्र्यांवर. आवडीचं खाणं पुढे ठेवलं की ती आनंदाने खाली पडायची. त्यांच्यातला जनुकीय दोष १९९९ मध्ये सापडला. माणसांत मात्र कारण बहुधा वेगळं आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून या पेशींवर उलटते, असं आज मानलं जातं. अशा रोग्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जण एका विशिष्ट एचएलए जनुकाचे धनी असतात, पण तोच जनुक असलेली असंख्य माणसं आयुष्यभर ठणठणीत राहतात. म्हणून नुसती रक्ताची ती चाचणी करून काही सिद्ध होत नाही.

मोबाइलला दोष देणाऱ्यांचं एक मान्य करते. दिवसा पेंगणाऱ्या मुंबईकरांत बहुतेकांचं कारण अपुरी झोप हेच असतं. पहाटेचं पाणी भरायचं, सहाची गाडी पकडायची, रात्री अकराला घरी. चर्चगेट फास्टमध्ये उभ्याने झोपणारा प्रत्येक जण नार्कोलेप्सीचा नाही. घोरणारे, झोपेत श्वास अडकणारे हेही दिवसा झोपतात. म्हणून तर हसण्याचा प्रश्न महत्त्वाचा. झोप पुष्कळ कारणांनी येते. शुद्धीत राहून हसताना गुडघे जाण्याची कारणं फार थोडी.

गैरसमज : ‘त्याला बाहेरचं लागलंय.’

गिरगाव-लालबागची निम्मी घरं कोकणातली. आमच्याकडे मे महिन्यात गावी गेलं की गाऱ्हाणं घातलं जातं, कौल लावला जातो. वहिनींनीही लावला. त्यांना हसणाऱ्यांतली मी नाही. मुलगा सांगत होता तेच मुळी तसं होतं : पहाटे जाग येते, डोळे उघडे असतात, पंखा दिसतो, पण बोटसुद्धा हलत नाही. छातीवर कोणीतरी बसलेलं असतं, दाराशी काळी आकृती उभी असते, ओरडावं तर आवाज फुटत नाही. ज्याच्या गावात मुंजा आणि खविस यांची नावं ठाऊक आहेत, तो दुसरं काय समजणार?

याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. तोच सैलपणा, फक्त इथे झोपेतून उठताना किंवा झोपी जाताना मागे रेंगाळलेला, आणि स्वप्नातली चित्रं उघड्या डोळ्यांपुढे सांडलेली. एखाद-दुसऱ्या वेळी हे निरोगी माणसालाही होतं, विशेषतः जागरणानंतर. वारंवार होत असेल आणि सोबत दिवसा झोप आवरत नसेल, तर ते डॉक्टरला सांगायला हवं. गाऱ्हाणं घालायचं तर घाला. फाइलही करा.

गैरसमज : ‘हा मानसिक आजार आहे.’

थोडक्यात सांगते. आयसीडी-१० मध्ये मानसिक आजारांच्या आकड्यांना एफ हे अक्षर लागतं आणि मज्जासंस्थेच्या आजारांना जी. नार्कोलेप्सी जी मध्ये आहे. पण तिथवर पोहोचण्याआधी कित्येकांच्या फाइलवर एफ पडून गेलेला असतो : नैराश्य, ‘हिस्टेरिया’चं आधुनिक नाव असलेली एफ४४ ची मंडळी, किंवा भास होतात म्हणून त्याहून जड काहीतरी. मुलगी असेल तर एफ जास्त लवकर पडतो, हे माझं मत. आकडेवारी मागू नका, पंचवीस वर्षं चाळीत राहिल्याचा पुरावा आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ ने तर झोपेच्या आजारांना स्वतंत्र प्रकरणच दिलं आहे, सातवं. झोपेला हक्काची खोली मिळाली.

गैरसमज : ‘फाइलवर कोड पडला, म्हणजे निदान पक्कं.’

ही माझी पोटापाण्याची गोष्ट, म्हणून इथे जरा रेंगाळते.

कोड निदान करत नाही. निदान डॉक्टर करतो, शब्दांत लिहितो, आणि त्या शब्दांना आकडा लावणारा माझ्यासारखा कोणीतरी असतो. शब्द चुकीचा असेल तर आकडा अचूकपणे चुकीचा पडतो. ही आकड्यांची पद्धत मुळात रोग्यासाठी निघालीच नव्हती. मेलेल्यांसाठी निघाली. पॅरिसचा सांख्यिक बर्तियाँ याने १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, आणि १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटनेने ती हाती घेऊन जिवंतांचे आजारही त्यात बसवले.

आता आपला आजार या यादीत कुठे बसतो बघा. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० ची आपली खास वाढवलेली आवृत्ती लागू केली. तीत जी४७.४११ म्हणजे कॅटाप्लेक्सीसह नार्कोलेप्सी, जी४७.४१९ म्हणजे कॅटाप्लेक्सीविना. दुसऱ्या एखाद्या आजारापायी, म्हणजे मेंदूतली गाठ किंवा इजा यांमुळे हे झालं असेल तर जी४७.४२१ आणि जी४७.४२९, आणि त्याआधी मूळ आजाराचा आकडा लिहायचा. कॅटाप्लेक्सीला स्वतंत्र आकडा नाही. सूचीत तो शब्द शोधला की ‘नार्कोलेप्सी पाहा’ असं येतं. दिवसाची झोप, गुडघ्यांचं वळणं वगैरे लक्षणांचे वेगळे आकडे लावायचे नाहीत, कारण ती आजारातच धरलेली आहेत. शिकाऊ मुलं इथे हमखास चुकतात, झोपाळूपणाचा आर४०.० वर आणखी चिकटवून देतात, आणि ऑडिटमध्ये मार्क जातात.

भारतात मात्र जागतिक संघटनेची मूळ आवृत्ती चालते. तिथे शेवटचे दोन आकडेच नाहीत. जी४७.४, नार्कोलेप्सी आणि कॅटाप्लेक्सी, दोन्ही एकाच गाठोड्यात. हसताना कोसळणारा आणि नुसता पेंगणारा, दोघांना एकच आकडा. आयसीडी-११ मध्ये ७ए२०.० हा प्रकार १ आणि ७ए२०.१ हा प्रकार २, अशी फोड पुन्हा आली आहे, आणि तिचा पाया नुसत्या कॅटाप्लेक्सीवर नाही, ओरेक्सिन आहे की गेलं यावरही आहे. कारण काहींच्यात ओरेक्सिन आधी संपतं आणि हसून पडणं काही वर्षांनी सुरू होतं.

पण खरी गफलत आकड्यांच्या शेपटांत नाही, प्रश्नचिन्हात आहे. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरने ‘शक्यता’, ‘संशय’ असं लिहिलं असेल तर तो आजार कोड करायला आम्हाला मनाई आहे. निदान पक्कं होईतो लक्षणाचाच आकडा लावायचा. आपल्याकडे डॉक्टर केसपेपरवर लिहितो : प्रश्नचिन्ह, फिट्स. गर्दीत दोन मिनिटांत त्याहून जास्त काय लिहिणार? ते प्रामाणिक प्रश्नचिन्ह आहे. पुढच्या खेपेला वेगळा डॉक्टर जुन्या कागदावरून नव्यावर उतरवतो आणि प्रश्नचिन्ह गळतं. तिसऱ्या कागदावर ‘फिट्सचा जुना रुग्ण’ असं होतं. आमच्या पोराच्या फाइलमध्ये मला हे तिन्ही कागद ओळीने सापडले. ईईजीचा रिपोर्ट निर्दोष, तोही त्याच फाइलमध्ये, स्टेपलरने घट्ट बसवलेला. दवाखान्याचं नाव घेत नाही. हे कुठेही घडू शकतं आणि घडतं.

मग त्या आकड्याचं करायचं काय? मेडिक्लेमच्या दाव्याचा जो भाग रुग्णालयाने भरायचा असतो, त्यात मुख्य निदानाच्या आयसीडी-१० आकड्याला रकाना आहे. तिथे जी४० म्हणजे एपिलेप्सी पडली की पुढच्या प्रत्येक प्रस्तावात ती आधीपासूनचा आजार म्हणून मागे लागते. शिवाय, निव्वळ तपासणीसाठी दाखल होण्याचा खर्च विमा कंपन्यांच्या प्रमाणित अपवादांत बसतो. त्यामुळे झोपेच्या तपासणीची रात्र बहुधा स्वतःच्या खिशातून, हे आधीच धरून चाला. वाहन परवान्याच्या नमुना १ मध्ये एपिलेप्सी किंवा अचानक शुद्ध हरपणं याबद्दल विचारलेलं असतं. कॅटाप्लेक्सीत शुद्ध हरपत नाही, म्हणून शब्दाला शब्द लावून कोणी ‘नाही’ लिहील. लिहू नये. चालवताना डुलकी लागली तर परळच्या पुलावर शब्दार्थ उपयोगी पडत नाही.

परळमध्ये केईएम रुग्णालय आणि हाफकिन संस्था एकाच आचार्य दोंदे मार्गावर आहेत. त्या रस्त्याने जाताना मला हटकून १८९६ आठवतं. मांडवीत माणसं गाठीच्या तापाने जात होती. सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी त्याला प्लेग हे नाव दिलं, आणि पुढच्या जानेवारीत हाफकिन यांनी आपली लस स्वतःला टोचून घेतली. ताप तोच होता. नाव पडल्यावर हालचाल झाली.

गैरसमज : ‘एक रात्र मशीन लावली की कळतं.’

एक रात्र आणि एक दिवस. आधी आठवडा-दोन आठवडे झोपेची नोंद ठेवायची : किती वाजता आडवा झाला, कितीला उठला. मग झोपेच्या प्रयोगशाळेत रात्रभर डोक्याला, छातीला, पायांना तारा. यात श्वास अडकण्याचा आजार नाही ना आणि किमान सहा तास झोप झाली ना, ते पाहतात. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी. दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत वीस मिनिटं झोपायची संधी, अशा चार-पाच. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि किमान दोनदा पंधरा मिनिटांच्या आत स्वप्नझोप आली, तर नार्कोलेप्सीच्या बाजूने कौल. एरवी स्वप्नझोप यायला तास-दीड तास लागतो. आमचा पोरगा पाचही वेळा तीन-चार मिनिटांत झोपला आणि त्यातल्या चार वेळा सरळ स्वप्नात गेला. तंत्रज्ञ हसून त्याला म्हणाले, ‘पैकीच्या पैकी.’ तो जपूनच हसला.

रात्रपाळी करणाऱ्याची किंवा जागरणं झालेल्याची ही चाचणी फसवी येते. नैराश्यावरच्या कित्येक गोळ्या स्वप्नझोप दाबतात, म्हणून त्या साधारण दोन आठवडे आधी बंद कराव्या लागतात, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली. मणक्यातलं पाणी काढून त्यातलं ओरेक्सिन मोजलं तर सर्वांत ठाम उत्तर मिळतं, परंतु ती सोय थोड्या ठिकाणीच असते आणि कॅटाप्लेक्सी स्पष्ट असेल तर बहुधा तिची गरजही पडत नाही.

गैरसमज : ‘परदेशी आजार आहे. आपल्याकडे कुठे असतो?’

पाश्चात्त्य देशांतला अंदाज लाखामागे २५ ते ५० माणसांचा आहे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबई १ कोटी २४ लाखांवर होती. तोच दर लावला तर या एका शहरात तीन ते सहा हजार माणसं निघतात. सुरुवात बहुधा पंधराच्या आसपास, दुसरा उंचवटा पस्तिशीच्या आसपास. म्हणजे नेमकं दहावी-बारावीच्या वेळी, आणि नंतर नेमकं घरचा कर्ता झाल्यावर. लक्षणं सुरू झाल्यापासून निदान व्हायला जगभरात आठ-दहा वर्षं सहज जातात. आमच्या पोराची दोनच गेली.

गैरसमज : ‘स्वाइन फ्लूच्या लसीने होतो.’

यात अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त पसरतं. २००९-१० च्या साथीत पँडेमरिक्स नावाची एक लस मुख्यतः युरोपात वापरली गेली. २०१० मध्ये फिनलंड आणि स्वीडनमध्ये ती घेतलेल्या मुलांत नार्कोलेप्सी वाढल्याचं दिसलं आणि ते खरं ठरलं. चीनमध्ये त्या साथीनंतर लस न घेतलेल्यांतही आजार वाढला होता, म्हणजे विषाणूचाही हात असावा. ती लस आज वापरात नाही. या वर्षीची फ्लूची लस चुकवण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

गैरसमज : ‘झोप उडवणारी गोळी घेतली की झालं.’

मोडॅफिनिलने दिवसाची झोप आटोक्यात येते, कॅटाप्लेक्सी नाही. हसून पडणं थांबवायला व्हेनलाफॅक्सिन किंवा क्लोमिप्रामिनसारखी औषधं देतात. ती मुळात नैराश्यावरची, म्हणून केमिस्टकडे चिठ्ठी दिली की शेजारणीची नजर जाते. जाऊ दे. ही औषधं मनाने एकदम बंद केली की कॅटाप्लेक्सी दुपटीने उसळते, तासन्‌तास एकामागून एक झटके येऊ शकतात. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. आणखी एक, जे क्वचित सांगितलं जातं : मोडॅफिनिल सुरू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो.

आणि एक औषध चिठ्ठीवर नसतं. दिवसात ठरलेल्या वेळी पंधरा-वीस मिनिटांच्या एक-दोन डुलक्या. डॉक्टरांच्या पत्रावर आमच्या पोराला कॉलेजात मधल्या सुट्टीत लायब्ररीच्या मागच्या बाकावर झोपायची परवानगी मिळाली. वामकुक्षीचा एवढा अभिमान असलेल्या समाजाला यात अवघड वाटू नये. आजार बरा होत नाही, ओरेक्सिनच्या गेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण तो परवा पुन्हा कॅरमला बसला होता. राणी घेतली, तेव्हा फक्त जबडा किंचित सैल झाला. कोपर भिंतीला टेकवून तो दहा सेकंद थांबला आणि खेळ पुढे सुरू झाला.

घरात असं कोणी असेल तर न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत जाताना तीन गोष्टी न्या. झटक्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ, दोन आठवड्यांच्या झोपेची नोंद, आणि प्रत्येक प्रसंगी त्याआधीच्या क्षणाला काय चाललं होतं त्याची यादी. डॉक्टर घाईत असतील तर पहिलंच वाक्य हे म्हणा : ‘हसल्यावर पडतो, आणि पडल्यावर त्याला सगळं ऐकू येतं.’ ते केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा, याच शब्दांत. चालू असलेली फिटची गोळी मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका.

आणि पुढच्या वेळी गॅलरीत कोणी कोसळलं तर आधी हातपाय झटके देतायत का बघा. देत असतील तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना गाठा. नुसताच सैल पडला असेल तर डोकं आपटणार नाही एवढं पाहा, नाव घेऊन हाक मारा, आणि चपला पायातच राहू द्या.

त्याला ऐकू येत असतं.